कामगार वस्तीतल्या शाळेत २६ जानेवारी कसा साजरा करावा?

सायंशाळा (१० जानेवारी, रात्री ९:४०)

नमस्कार. आम्ही सहा जण मिळून एका मोठ्या बांधकामाशेजारच्या कामगार वस्तीत रोज संध्याकाळी दोन तासांची शाळा चालवतो. आमच्यापैकी कोणीही पगारी नाही. पाच ते तेरा वर्षांची सुमारे ४० मुले येतात. त्यांतली निम्मी दिवसा महापालिकेच्या शाळेत जातात, उरलेली कुठेच जात नाहीत. कुटुंबे मराठवाड्यातून, तेलंगणातून, ओडिशातून आणि बिहारमधून आलेली आहेत. इमारत पुरी झाली की ती पुढच्या कामावर जातात आणि त्यांच्याबरोबर मुलेही जातात.

गेल्या वर्षीचा २६ जानेवारी आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे थाटात केला. देणगीदार पाहुणे सव्वा तास उशिरा आले, तोवर मुले उन्हात रांगेत उभी होती. मग चार भाषणे झाली आणि त्यानंतर एकेका मुलाला वही देताना छायाचित्र काढले गेले. सगळे आवरल्यावर सात वर्षांची एक मुलगी माझा हात धरून म्हणाली, "ताई, पाहुण्यांचा कार्यक्रम छान झाला, नाही का?" तिने ते अगदी मनापासून कौतुकाने म्हटले होते, आणि म्हणूनच ते वाक्य वर्षभर माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

या वर्षी काय ठेवावे आणि काय गाळावे? आमच्यातल्या एका सहकाऱ्याचे मत आहे की ही मुले एरवीही भावंडे सांभाळतात, पाणी भरतात, तेव्हा त्या दिवशी त्यांना सरळ सुट्टी द्यावी. मला ते पटत नाही, परंतु त्याला नेमके उत्तरही देता येत नाही. ज्यांनी अशा शाळा चालवल्या आहेत किंवा अशा शाळांत जे शिकले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

खडूफळा (१० जानेवारी, रात्री १०:२५)

आम्ही वीटभट्टीवरच्या मुलांसाठी सात हंगाम वर्ग चालवला. पहिल्या दोन वर्षांत तुम्ही लिहिले आहे तेच सारे आमच्या हातूनही झाले. भाषणे गाळा, हे तर आहेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेशभूषेचा कार्यक्रम गाळा. भाड्याचे पोशाख आणून नेते उभे करण्यात आमचे आठ दिवस जात असत आणि प्रत्येक वेळी भारतमाता म्हणून वर्गातली सर्वांत गोरी मुलगीच निवडली जाई. हे कोणी ठरवून करत नव्हते, तरीही दरवर्षी घडत होते. तिसऱ्या वर्षी एका मुलीने विचारले की भारतमाता काळी असली तर चालत नाही का. त्या दिवसापासून आम्ही पोशाख बंद केले, ते कायमचे.

सुट्टीच्या प्रस्तावाबद्दल बोलायचे तर सुट्टी ज्याला विश्रांती मिळते त्याच्यासाठी असते. वर्ग बंद ठेवला तर मुलगा खेळायला जाईल, पण मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन घरातच राहील.

सावधान_विश्राम (११ जानेवारी, सकाळी ६:१०)

मी ३१ वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो, म्हणून ध्वजापुरते लिहितो. पुष्कळ स्वयंसेवी शाळांना वाटते की ध्वज फडकवण्यासाठी कोणी मान्यवरच हवा. तसे मुळीच नाही. भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे आणि तिच्यात शाळेतील ध्वजवंदनाची रचना दिलेली आहे. मुलांनी चौकोनाच्या तीन बाजूंना उभे राहायचे, चौथ्या बाजूच्या मध्यभागी ध्वजस्तंभ असायचा, आणि मुख्याध्यापक, विद्यार्थी प्रतिनिधी व ध्वज फडकवणारी व्यक्ती यांनी स्तंभामागे तीन पावलांवर थांबायचे. ही रचना शाळेतल्याच माणसांची आहे. पाहुण्यांचे व्यासपीठ आपण नंतर बांधले.

आता व्यवहाराचे. पूर्वी खादीचाच ध्वज लागे; ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर यंत्रावर विणलेला आणि पॉलिएस्टरचा ध्वजही चालतो. प्लास्टिकचा मात्र चालत नाही. मुलांच्या हाती कागदी ध्वज दिलेत तर ते परत गोळा करण्याचे काम दोन मोठ्या मुलांकडे आधीच सोपवा, कारण ते जमिनीवर पडू द्यायचे नसतात. ध्वजात फुलांच्या पाकळ्या ठेवण्यास हरकत नाही.

२६ जानेवारीला ध्वज वरच बांधलेला असतो आणि दोरी ओढून तो उलगडतात. १५ ऑगस्टला तो खालून वर चढवतात. उलगडण्यासाठी सुरगाठच हवी. निरगाठ बसली की सगळा कार्यक्रम वर बघत उभा राहतो आणि शेवटी एखादा मुलगा बांबूवर चढतो. सरावासाठी ध्वज वापरू नये. त्याच मापाचे साधे कापड घेऊन किमान दहा वेळा गाठ बांधून सोडवून पाहावी आणि तो सराव मुलांकडूनच करून घ्यावा. केशरी पट्टा वर आहे ना, हे बांधणाऱ्याने एकदा आणि दुसऱ्या कोणी तरी एकदा तपासावे. संध्याकाळी ध्वज कोण उतरवणार, तेही आजच ठरवून टाका.

दानपेटी (११ जानेवारी, सकाळी ९:०५)

माझे मत वेगळे आहे आणि ते राग न धरता वाचावे, ही विनंती. मी एका अशाच शाळेला अनेक वर्षे देणगी देतो. मला वर्षातून दोनदा मुलांना भेटता येते, एकदा १५ ऑगस्टला आणि एकदा २६ जानेवारीला. मी भाषण करत नाही, उशिराही जात नाही. आपण दिलेल्या पैशांतून घेतलेल्या बाकावर बसून एखादी मुलगी वाचते आहे, हे पाहावेसे वाटणे यात गैर काय आहे? पाहुण्यांना सरसकट दूर ठेवलेत तर वर्गाचे भाडे, वह्या आणि औषधे यांचा खर्च कोठून येणार, याचाही विचार व्हायला हवा. ज्यांच्यावर वर्षभर विसंबायचे त्यांना नेमक्या आनंदाच्या दिवशी अडचण समजणे मला तरी योग्य वाटत नाही.

खडूफळा (११ जानेवारी, दुपारी १:३०)

दानपेटी, तुम्ही वेळेवर जाता आणि भाषण करत नाही, म्हणजे तुमच्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारणच नाही. अडचण छायाचित्रांची आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वही घेतानाचे छायाचित्र मदतीच्या आवाहनपत्रकावर छापले गेले आणि ते पत्रक त्याच्या दिवसाच्या शाळेत पोहोचले. पुढचे दोन महिने तो वर्गात "वहीवाला" या नावाने ओळखला जात होता. त्याच्या आईवडिलांना आम्ही विचारलेदेखील नव्हते. ती चूक पूर्णपणे आमची होती. तेव्हापासून वाटप त्या दिवशी करायचे नाही, असा नियम आम्ही केला. वह्या जूनमध्ये द्याव्यात आणि त्यासाठी रांग लावू नये.

पाचट (११ जानेवारी, रात्री ११:१५)

मी सहसा येथे फक्त वाचते. परंतु "अशा शाळांत जे शिकले आहेत" असे धागाकर्तीने लिहिले आहे, म्हणून आज लिहिते.

माझे आईवडील ऊसतोड कामगार होते. दिवाळीच्या सुमारास टोळी गाव सोडायची आणि गावी परत येईपर्यंत उन्हाळा लागलेला असायचा. त्यामुळे माझ्या लहानपणी १५ ऑगस्ट नेहमी गावच्या शाळेत आणि २६ जानेवारी नेहमी कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत, असेच व्हायचे. गावच्या शाळेतला २६ जानेवारी मी सातवीपर्यंत एकदाही पाहिला नाही. तिथे माझे नाव हजेरीपटावर असे आणि मी दीडशे कोसांवर पाचटात बसलेली असे.

चौथीच्या वर्षी आमच्या तळावर जवळच्या गावातले एक शिक्षक दांपत्य साखरशाळा, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा, चालवू लागले. त्यांनी २६ जानेवारीला एक बांबू रोवला. मुले तीस-पस्तीस असतील, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या कडेवर भावंड होते. बाईंनी "भावंडे घरी ठेवून या" असे म्हटले नाही, कारण घरी कोणी नव्हतेच. कारखान्याचे गाळप चालू असले की तोडही थांबत नाही. आईवडील पहाटे चारला फडात गेलेले होते.

बाईंनी विचारले की कोणाला काही बोलायचे आहे का. मी उभी राहिले आणि ऑगस्टमध्ये गावी पाठ केलेले भाषण जसेच्या तसे म्हटले. फक्त "स्वातंत्र्यदिन" या शब्दाच्या जागी "प्रजासत्ताक दिन" घातले. बाईंनी मला मध्ये थांबवले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्वांना फरक समजावला. मुकादमाची सत्ता गेली तो दिवस म्हणजे १५ ऑगस्ट, आणि त्यानंतर टोळीने एकत्र बसून काम कसे वाटायचे, मजुरी कशी वाटायची, आजारी माणसाचे काय करायचे हे स्वतः लिहून काढले तो दिवस म्हणजे २६ जानेवारी, असे त्या म्हणाल्या. उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) आणि मुकादम हे शब्द आम्हाला क, ख, ग च्या आधी कळत होते, त्यामुळे हा धडा कोणालाही दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. त्या दिवशी माझ्या वडिलांच्या हाताला कोयता लागलेला असल्यामुळे ते कोपीवर होते. त्यांनी माझे भाषण ऐकले. माझ्या संपूर्ण शालेय जीवनात त्यांनी पाहिलेला तो एकमेव कार्यक्रम होता, आणि तोही हात कापला म्हणून. आज मी स्वतः शिक्षिका आहे आणि पालकांची वाट पाहताना मला प्रत्येक वेळी तो पट्टी बांधलेला हात आठवतो. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की पाहुणे कोण असावेत, जिलेबी असावी की लाडू असावा, हे नंतर ठरवा. आधी मुलांच्या आईवडिलांना कोणत्या वेळी उभे राहता येईल ते विचारा आणि कार्यक्रम त्या वेळी करा.

भाषावेल्हाळ (१२ जानेवारी, सकाळी ८:२०)

पाचट, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. आभार.

सायंशाळा, तुमच्या वर्गात इतक्या भाषांची मुले आहेत याला मी अडचण मानत नाही, उलट ती तुमची मोठी जमेची बाजू आहे. आपण शाळेत जी प्रतिज्ञा म्हणतो ती मुळात तेलुगूत लिहिली गेली आहे. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये लिहिली. तेलंगणातून आलेल्या गवंड्याच्या मुलाला हे सांगा आणि "भारतदेशं ना मातृभूमि" अशी सुरुवात त्याच्याकडून करून घ्या. मग बाकीच्यांनी मराठीत म्हणावी. जो मुलगा रोज मराठी शब्दाला अडखळतो, त्याच्या भाषेतून आपली प्रतिज्ञा आली आहे, हे इतर मुलांनाही कळायला हवे.

राष्ट्रगीताचेही तसेच. ५२ सेकंदांत ते गायले जाते, परंतु त्यातल्या शब्दांवर आपण आयुष्यात पाच मिनिटेही घालवत नाही. मी एका सुटीच्या वर्गात नकाशा जमिनीवर अंथरून प्रत्येक नावावर खडा ठेवायला लावला होता. ओडिशाच्या मुलीला "उत्कल" म्हणजे आपलेच घर, हे कळल्यावर तिने तो खडा उचलून स्वतःजवळ ठेवला आणि परत दिला नाही. बिहारचा मुलगा आपले नाव शोधत हिरमुसला, तेव्हा दुसऱ्याच एका मुलाने त्याला गंगेवर बोट ठेवून दाखवले. मात्र सगळ्यांना आपले नाव सापडत नाही. सापडले नाही तर तसे प्रामाणिकपणे सांगावे आणि नकाशावर त्याचे गाव शोधून तेथेही खडा ठेवू द्यावा.

कलम_एकवीस_अ (१२ जानेवारी, दुपारी ४:४५)

दोन मुद्दे नोंदवते. पहिला असा की एखादे मूल श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नसेल, पण आदराने उभे राहत असेल, तर त्याच्यावर सक्ती करू नये. केरळमधील तीन भावंडांना याच कारणावरून शाळेतून काढले होते आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. वस्तीतल्या शाळेत उत्साहाच्या भरात एखादा स्वयंसेवक मुलाला सर्वांसमोर रागावतो, असे मी पाहिले आहे, म्हणून सांगितले.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. धागाकर्तीच्या पहिल्या परिच्छेदातले "उरलेली कुठेच जात नाहीत" हे वाक्य कोणीच पकडलेले दिसत नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवू शकत नाही, आणि वर्ष अर्धे उलटले म्हणूनही परत पाठवू शकत नाही. मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यावे लागते. ज्या दिवशी घटना लागू झाली त्या दिवशी, आईवडील समोर असताना, हे त्यांच्या भाषेत सांगण्याइतका योग्य प्रसंग दुसरा कोणता असणार?

सावधान_विश्राम (१२ जानेवारी, सायंकाळी ६:३०)

ताई, हक्क सांगायला हवा याबद्दल दुमत नाही, परंतु ध्वजवंदनाच्या वेळी अर्ज आणि कागदपत्रे काढू नयेत. मुलांच्या दिवसाचे शिबिर होईल.

कलम_एकवीस_अ (१२ जानेवारी, सायंकाळी ७:०५)

गुरुजी, मान्य आहे. त्या दिवशी दोन वाक्ये सांगावीत आणि त्याच आठवड्यात घरोघर जावे.

सायंशाळा (१३ जानेवारी, रात्री १०:१०)

सर्वांचे मनापासून आभार. पाचट यांचा प्रतिसाद आम्ही काल वर्गानंतर सहाही जणांनी एकत्र वाचला. सुट्टीचा आग्रह धरणारा सहकारी वाचून झाल्यावर बराच वेळ गप्प होता आणि आज सकाळी वस्तीत जाऊन पालकांना वेळ विचारून आला. त्या दिवशी काम अर्धे चालू राहणार आहे आणि पाळी साडेआठला सुरू होते, म्हणून सकाळी सातची वेळ ठरली. दानपेटी, आम्ही आमच्या देणगीदारांनाही सातचेच निमंत्रण दिले आहे, छायाचित्रे आणि वाटप होणार नाही हे स्पष्ट लिहून. पाहुण्यांसाठी वेगळ्या खुर्च्या नसतील.

ध्वज कोणी उलगडावा, यावर मात्र आमच्यात अजून वाद आहे. काहींना चिठ्ठी टाकावीशी वाटते, तर काहींच्या मते तो मान वर्गात सर्वांत नियमित येणाऱ्या मुलीला द्यावा.

खडूफळा (१३ जानेवारी, रात्री १०:५०)

चिठ्ठी टाका. नियमित येणे हे बहुतेक वेळा मुलाच्या हातात नसते. ज्याची आई आजारी पडते तो येऊ शकत नाही. आणि चिठ्ठीत मुलीचे नाव निघाले तर तिला एवढे सांगा की १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीने संविधान सभेला राष्ट्रध्वज अर्पण करणाऱ्या हंसा मेहता होत्या, आणि त्या सभेत १५ स्त्रिया होत्या.

सायंशाळा (२७ जानेवारी, रात्री ९:२०)

काल कार्यक्रम झाला. जसा झाला तसा लिहिते.

चिठ्ठीत नाव निघाले ते नऊ वर्षांच्या एका मुलाचे, जो वर्गात जवळजवळ कधीच बोलत नाही. त्याने गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे जुन्या ओढणीवर सुरगाठीचा सराव केला आणि दहा वेळा नव्हे, निदान शंभर वेळा केला असेल. ध्वज पहिल्याच झटक्याला उलगडला. बांबू मात्र किंचित कलला होता आणि तो सरळ धरून एक सेंट्रिंग कामगार राष्ट्रगीत संपेपर्यंत निश्चल उभा राहिला.

आईवडील २६ आले होते. गेल्या वर्षी तीन होते. अनेकांच्या डोक्यावर हेल्मेट होते, कारण त्यांना तेथूनच कामावर जायचे होते. ते राष्ट्रगीताच्या वेळी काढावे की ठेवावे, यावर त्यांच्यात हळू आवाजात चर्चा झाली आणि शेवटी सर्वांनी काढले. दोन देणगीदार आले आणि पालकांच्या मागे उभे राहिले.

प्रतिज्ञा आधी तेलुगूत झाली. म्हणणारी मुलगी मध्येच विसरली, तेव्हा तिच्या वडिलांनी मागून पुढचे वाक्य म्हटले. त्यांना ती पाठ होती. आम्हाला हे ठाऊकच नव्हते की ते सातवीपर्यंत शिकलेले आहेत. वर्षभर आम्ही त्यांच्या नावापुढे "निरक्षर" असे लिहून ठेवले होते. ती नोंद आज बदलली.

प्रवेशाचे दोन वाक्यांतच सांगितले. आज संध्याकाळी चार आया स्वतःहून विचारायला आल्या. उद्या त्यांच्याबरोबर शाळेत जाणार आहोत.

ज्या मुलीच्या वाक्यावरून हा धागा काढला, तिला मी या वेळी काहीच विचारले नाही. ती आईला नकाशावरचा आपला खडा दाखवण्यात गुंतली होती.

पाचट (२७ जानेवारी, रात्री ११:४०)

हेल्मेटचे वाचून फार बरे वाटले. त्या वडिलांना पुढच्या कार्यक्रमात वाचायला काही तरी द्या.

सावधान_विश्राम (२८ जानेवारी, सकाळी ६:०५)

त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगावी. बांबू दीड फूट तरी खोल रोवून चारी बाजूंनी दगड ठोकले की तो कलत नाही. तो जपून ठेवा, १ मेला लागेल.

सायंशाळा (२८ जानेवारी, रात्री ९:००)

गुरुजी, शाबासकी पोहोचवली. १ मे हा महाराष्ट्र दिन आहे तसाच कामगार दिनही आहे, हे मुलांना आज सांगितले, तेव्हा पहिला प्रश्न आला की मग त्या दिवशी बाबांना सुट्टी असेल का. मुकादमांना विचारून सांगते, असे म्हटले आहे. उद्या सकाळी विचारणार आहे.